जुनें मैदान आणि सरकारी तिजोरी

आमच्या शिक्रापूरच्या बाजूस यात्रेंतील कुस्त्यांना 'हगामा' म्हणतात. चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या यात्रा सुरू झाल्या कीं पालखी, छबिना आणि तमाशा यांच्या जोडीला दुसऱ्या दिवशीं दुपारीं हगामा ठरलेलाच. त्याचें अर्थशास्त्र अगदीं सोपें आहे. घरटी वर्गणी गोळा होते. पीक निघालेलें एखादें शेत नांगरून, ढेकळें फोडून, पाणी शिंपडून मऊ करतात. हलगी वाजूं लागते, आणि आरंभीं लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते ती शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत. दिवस मावळला कीं मैदान मोडतें, आणि पुढल्या पावसांत त्याच मातींत बाजरी पेरतात. सरकारचा एक पैसा या व्यवहारांत लागत नाहीं.

परंतु आतां तें शेतच कोठें राहिलें आहे? नगरचा रस्ता आणि चाकणचा रस्ता जेथें मिळतात त्या आमच्या गांवाभोवतीं, सणसवाडीपासून थेट रांजणगांवापर्यंत, कारखाने, गोदामें आणि भाड्याच्या खोल्या उठल्या आहेत. मोकळ्या गुंठ्याचा भाव ऐकून जुनीं माणसें नुसतीं मान हलवितात. त्यामुळें 'कुस्तीला एक कायमचें मैदान हवें, आणि तें सरकारनें बांधून द्यावें' असें बोलणें अलीकडे पारावर ऐकूं येतें. आणि बोलणारा हटकून पुढें जोडतो, 'कोल्हापूरच्या खासबागेसारखें.' तेव्हां त्या खासबागेचीच हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें मांडावी असें आम्हीं योजिलें आहे.

शाहू छत्रपति १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनांत कोल्हापुरासाठीं तसें मैदान करण्याची कल्पना आली, असें सांगतात. १९०७ सालीं काम सुरू झालें आणि १९१२ सालीं पुरें झालें. मैदानाची रचना वाटीसारखी आहे. मधोमध लाल मातीचा हौद, आणि भोंवतीं चढत गेलेली बैठक. त्यामुळें अगदीं शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यालाही खालीं कोणाचा खांदा मातीला लागला तें दिसतें. तीस हजारांच्या घरांत माणूस तेथें बसतें. ज्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हता आणि दुर्बिणी श्रीमंतांपाशींच असत, त्या काळीं केलेली ही योजना आहे. दिसण्याचा हक्क सर्वांस सारखा असावा, हा विचार त्या उतारांतच बांधलेला आहे.

'महाराजांनीं बांधलें' असें आपण सहज म्हणून जातों. परंतु महाराजांच्या तिजोरींत तो पैसा आला कोठून? करवीर संस्थानांतील कुणब्यानें भरलेल्या साऱ्यांतूनच ना? राजाचें औदार्य हें देखील एका अर्थीं सार्वजनिक खर्चच होय. फरक इतकाच, कीं तेथें टिप्पणी, निविदा आणि मंजुरी यांचा घोळ एका माणसाच्या मनांत उरकत असे. म्हणून खेळाच्या मैदानावर लोकांचा पैसा खर्च करावा कीं नाहीं, हा वाद आज नव्यानें उकरून काढण्यांत आम्हांस फारसा अर्थ दिसत नाहीं. तो पैसा कशावर आणि किती काळ खर्च करावा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुस्तीपेक्षां नाटकाची आवड अधिक; त्यांस खासबाग ठाऊक असेल ती शेजारच्या नाटकगृहामुळें. १९१३ सालीं महाराजांनीं मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर बांधावयास घेतलें आणि १९१५ सालीं तें खुलें झालें. पुढें १९५७ सालीं त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. एका पाठीला पाठ लावून नाटकगृह आणि आखाडा उभा करणारा राजा आपल्याकडे दुसरा झाला नसेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं या नाटकगृहास आग लागली. दुसऱ्या दिवशीं, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. लांकडी काम, छप्पर, रंगमंच, सर्व कांहीं भस्म झालें. मैदानाकडे तोंड करून असलेला मागील रंगमंचही वांचला नाहीं. त्या रात्रीं कोल्हापुरांत नट आणि रसिक रस्त्यावर उभे राहून रडले.

राज्य सरकारनें लागलीच वीस कोटी रुपयांची घोषणा केली, आणि पुढें पुनर्बांधणीचें कामही हातीं घेण्यांत आलें. यांत गैर कांहींच नाहीं. उलट अशा वेळीं सरकारनें हात आखडता घेतला असता तर आम्हीं त्याच्यावर टीकाच केली असती. परंतु एक गोष्ट मनांतून जात नाहीं. आग लागल्यावर जो पैसा आठवड्याच्या आंत कागदावर येतो, तो आग लागूं नये म्हणून वर्षावर्षाला लागणाऱ्या खर्चासाठीं इतक्या सहज कां येत नाहीं? विजेच्या तारा तपासणें, गटारें उपसणें, पायऱ्यांच्या सांध्यांतून उगवलेला पिंपळ वेळींच उपटणें, यांसाठीं लागणारी रक्कम वीस कोटींच्या मानानें क्षुल्लकच. पण पिंपळ उपटण्याचा समारंभ होत नाहीं; त्याची कोनशिला बसवितां येत नाहीं.

आणि कुस्तीच्या मैदानाला तर दगडाहून मातीचीच देखभाल अधिक. ज्यांनीं तालीम पाहिलेली नाहीं त्यांस लाल माती म्हणजे आयती सांपडणारी वस्तु वाटते. ती चाळून घ्यावी लागते. तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर घालून ती मुरवावी लागते. रोज फावड्यानें उकरून पुन्हां सारखी करावी लागते. कांहीं दिवस हात लागला नाहीं तर ती विटेसारखी घट्ट होते, आणि अशा हौदांत आपटलेल्या पोराचा खांदा निखळावयास वेळ लागत नाहीं. वाटीसारख्या मैदानांत पावसाचें पाणी साचूं न देणें हें आणखी एक काम. मैदानाची भिंत नीट आणि माती मेलेली, अशी स्थिति झाली तर ती वास्तु प्रेक्षणीय राहील. आखाडा राहणार नाहीं.

या विषयाचा जगांत अन्यत्र काय अनुभव आहे, हें पाहण्यासारखें आहे. योगायोग असा, कीं खासबाग जेथें पुरी झाली त्याच १९१२ सालीं, २० एप्रिल या एकाच दिवशीं, अमेरिकेंत बेसबॉलचीं दोन मैदानें खुलीं झालीं; बोस्टन शहरांत फेनवे पार्क, आणि डेट्रॉइट शहरांत पुढें टायगर स्टेडियम या नांवानें ओळखलें गेलेलें मैदान. बेसबॉल हा आपल्या चेंडूफळीच्या जातीचाच खेळ. पण तेथील संघ खासगी मालकीचे असतात, आणि नवें मैदान हवें झालें कीं मालक शहराकडे हात पसरतात, न दिल्यास संघ दुसऱ्या गांवीं नेऊं अशी धमकीही देतात. बोस्टनच्या मालकांनीं १९९९ सालीं जुन्या मैदानाशेजारीं नवें बांधण्याची योजना काढली. रस्ते वगैरेंसाठीं लोकांच्या पैशांतून मदत देण्याचा कायदाही पुढल्या वर्षीं तेथील विधिमंडळानें केला. परंतु योजना फिसकटली, २००२ सालीं मालक बदलले, आणि नव्या मालकांनीं जुनेंच राखावयाचें ठरविलें. दर हिंवाळ्यांत खेळ बंद असतांना थोडें थोडें, असें सुमारें दहा वर्षें दुरुस्तीचें काम चाललें. बहुतेक पैसा मालकांचा, आणि ऐतिहासिक वास्तु राखल्याबद्दल सरकारची करसवलत. शंभर वर्षांचें तें मैदान २०१२ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत गेलें, आणि तेथें आजही सामने होतात.

डेट्रॉइटची कथा निराळी झाली. तेथें सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा घेऊन २००० सालीं नवें मैदान उभें राहिलें. जुन्यांत शेवटचा सामना १९९९ च्या सप्टेंबरांत झाला, मग तें कांहीं वर्षें ओस पडलें, आणि २००८-०९ मध्यें पाडून टाकण्यांत आलें. पुढची हकीकत मात्र आम्हांस फार आवडते. भिंती गेल्या तरी खेळण्याची जमीन शिल्लक होती. २०१० पासून शहरांतील साधीं माणसें आपापलीं गवत कापण्याचीं यंत्रें घेऊन तेथें जाऊं लागलीं. कोणाची परवानगी नाहीं, पगार नाहीं. तण काढलें, गवत कापलें, मधला मातीचा उंचवटा पुन्हां घडविला, आणि लोक मुलांना घेऊन तेथें खेळूं लागले. २०१८ सालीं त्या जागीं मुलांसाठीं नवें क्रीडांगण झालें, हें चांगलेंच. पण तेथें कृत्रिम गवत अंथरण्यांत आलें. वर्षानुवर्षें घाम गाळलेल्या त्या माणसांनीं त्यास विरोध केला होता.

इतक्या दूरचीं उदाहरणें नकोत, असें कोणी म्हणेल, तर पुणें जवळ आहे. स्वारगेटजवळचें नेहरू स्टेडियम हें महापालिकेचें. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाच्या हौशी खेळाडूंनीं वेस्ट इंडीजसारख्या संघास ९३ धावांत गुंडाळलें तें याच मैदानावर. पुढें पालिका आणि क्रिकेट संघटना यांचें पटेना. २००५ नंतर मोठे सामने तेथून गेले, संघटनेनें कर्ज काढून गहुंजे येथें आपलें मैदान बांधलें, तें २०१२ सालीं खुलें झालें, आणि २०१८ सालीं थकलेल्या कर्जापायीं बँकांनीं त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला. जमिनीचा मालक एक आणि खेळाचा धनी दुसरा असला म्हणजे असें होतें. मैदान कोणाचें, हें आधीं लिहून ठेवलें पाहिजे.

शाळेला छप्पर नाहीं आणि तुम्ही कुस्तीला पैसा मागतां, असा आक्षेप येईल. आक्षेप प्रामाणिक आहे. शाळा आधीं, यांत शंका नाहीं. पण लोकांच्या तिजोरीनें पाठ फिरविली म्हणजे खेळाचा भार कोणावर पडतो, हेंही पाहावें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकत. मातींत तयार झालेला हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठीं पैसा उभा राहीना, तेव्हां त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण टाकलें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आम्ही ही गोष्ट मुलांना अभिमानानें सांगतों. परंतु ज्या राज्यांत पदकासाठीं शिक्षकाला घर गहाण टाकावें लागतें, त्या राज्याच्या हिशेबाच्या वह्या कशा असतील, हें आपण त्यांना सांगत नाहीं.

खाशाबांच्या लंडनच्या अनुभवावरून 'आतां माती कशाला, गादीच घाला' असें म्हणणारे पुष्कळ आहेत. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरच होते, तेव्हां गादी हवीच. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरांत ती स्पर्धा आमच्याच रस्त्यावर लोणीकंदजवळच्या फुलगांवीं झाली, तेव्हां या बाजूच्या लोकांनीं दोन्हीही पाहिलीं. पण अशा स्पर्धेचा मांडव चार दिवसांचा. गांवच्या पोराला रोज पहांटे अंग टाकावयास जी जागा लागते ती मातीचीच, कारण तीच त्याला परवडते.

आणि पोराला म्हणतांना पोरीलाही म्हटलें पाहिजे. १९१२ सालीं खासबागेची बैठक आखतांना बायकांचा विचार कोणीं केला नसेल. २०२३ च्या मार्चमध्यें सांगलीस मुलींची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. आमच्या भगिनी वाचकांनीं आपल्या गांवच्या मैदानाचा नकाशा निघेल तेव्हां एवढें तरी अवश्य विचारावें, कीं मुलींस कपडे बदलावयास खोली कोठें आहे, शौचालय कोठें आहे, आणि रात्रीं तेथें दिवा कोण लावणार. कर त्यांच्याही घरांतून जातो.

शिक्रापुरास खासबागेएवढें मैदान नको, झेपणारही नाहीं. दोन-चार हजार माणसें बसतील असा मातीचा उतार, मधें हौद, कडेला एक तालीम आणि पाण्याचा नळ, एवढ्यावर काम भागेल. पण अर्ज लिहितांना पहिल्या पानावर प्रवेशाच्या कमानीचा खर्च न लिहितां दोन बाबी लिहाव्या. दर वर्षीं नवी माती आणून ती मळण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकांत कोणत्या खात्यावर पडणार. आणि हौद रोज उकरणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार. या दोहोंचें उत्तर लेखी मिळाल्यावर कमान दगडाची असावी कीं सिमेंटाची, याची चर्चा करावयास गांवाला सबंध उन्हाळा मोकळा आहे.