फिल्टर बदलला, आता डिझेल गळते

ट्रकवर पोट असणारी घरे आपल्यात पुष्कळ, म्हणून आज थोडे डिझेलविषयी. फिल्टर बदलला की कधी पाइपाच्या जोडावर डिझेल पाझरू लागते. ड्रायव्हर पान्याला जोर देतो. गळती थांबत नाही, उलट आटे जातात आणि मालक तो खर्च पगारातून कापतो. (त्या कापाकापीवर आम्ही वेगळे लिहू.)

दोष बहुधा तांब्याच्या वायसरचा असतो. एकदा दाबला गेलेला वायसर कडक होतो, पुन्हा नीट बसत नाही. पाइपाच्या कडीखाली एक, वर एक, दोन्ही नवे घाला. मिळाले नाहीत तर जुने, गाडीपासून लांब, लाल होईतो तापवून पाण्यात टाका. तांबे मऊ होते. मग हातपंप मारून हवा काढा.

टाकी ते फीड पंप या भागातली गळती पुष्कळदा दिसतच नाही; तिथून हवा आत ओढली जाते आणि गाडी बंद पडते.

आमचे कळकळीचे सांगणे मात्र नोजलच्या पाइपाबद्दल आहे. इंजिन चालू असताना तो बोटाने चाचपू नका. बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, दुखले नाही, तरी लगेच मोठा दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.