पाच मुलं, एक माऊस

गुजरात सरकारनं २००० साली बडोद्यातल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेनं चौकशी केली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांचा हात त्यांतल्या फारच थोड्या संगणकांना लागलेला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच जिथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या बडोद्यातली ही गोष्ट. यंत्र शाळेत पोचलं होतं, मूलही शाळेत येत होतं. यंत्रासमोर बसल्यावर मुलानं करायचं काय, एवढं मात्र कुणी खरेदी केलेलं नव्हतं.

मग 'प्रथम'नं त्याच संगणकांवर चौथीच्या गणिताचे साधे खेळ चालवले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास, मदतीला थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक तरुण. उत्तरं बरोबर येत गेली की गणितं हळूहळू अवघड होत जायची. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळ मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा गणितात ठळक फरक दिसला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं त्यातला बराचसा फरक विरूनही गेला. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. संगणक तेच होते, शाळा त्याच होत्या, मुलंही त्याच वस्त्यांतली. फरक पडला तो मुलांच्या पायरीनुसार चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे आणि ते दर आठवड्याला नेमानं वापरलं जाईल अशी व्यवस्था कुणीतरी लावून दिली म्हणून.

इतका जुना आणि इतका जवळचा पुरावा हाताशी असूनही गरीब देशांतल्या शाळांचा आणि संगणकांचा विषय निघाला की चर्चा यंत्राच्या किमतीवरच येऊन थांबते. निविदा निघते ती संचांची. संच मोजता येतात, शाळेत उतरवून घेता येतात, त्यांची पोच देता येते. त्यांत चालणारं सॉफ्टवेअर 'सोबत मोफत' म्हणून येतं, आणि मोफत आलेल्या गोष्टीबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. माझा आक्षेप नेमका इथं आहे. शाळेसाठी स्वस्त संगणक शोधण्यात आपण वीस वर्षं घालवली. त्या शाळेचं रूप ओळखून लिहिलेलं सॉफ्टवेअर ही मात्र अजूनही कुणाची जबाबदारी नाही.

शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कहाणी अनेकांना आठवत असेल. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये तो जगासमोर मांडला. किंमत पुढं दोनशे डॉलरच्या आसपास गेली, तरी यंत्र खरोखर चांगलं होतं. पडदा उन्हात वाचता यायचा, वीज कमी लागायची, कीबोर्डात धूळ शिरायची नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत २००७ मध्ये त्याचा प्रयोग झाला. पेरूनं तर आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीत पंधरा महिन्यांनंतर भाषा आणि गणित या विषयांत फरक आढळला नाही. मुलं यंत्र हाताळायला शिकली होती, पण कुठल्या पाठाला त्याचा काय उपयोग करायचा हे वर्गात ठरलेलंच नव्हतं. नेग्रोपॉन्टे यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. मुलाच्या हातात वस्तू दिली की शिकणं आपोआप घडेल, या त्यांच्या विश्वासावर मात्र घ्यायलाच हवी.

त्याच सुमारास बंगळूरला मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत उदय सिंह पवार, जॉयोजीत पाल, केंटारो तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. त्यांचं काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यांनी आधी शाळेत काय चालतं ते पाहिलं. जे दिसलं ते आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना ठाऊक आहे. एका पडद्याभोवती पाच-सात, कधी दहा मुलं आणि माऊस एकाच्या हातात. तो हात बहुतेकदा वयानं मोठ्या, दांडग्या किंवा ज्याच्या घराला गावात वजन आहे अशा मुलाचा. मागच्या रांगेतली मुलगी थोडा वेळ टाचा उंचावून बघते, मग खिडकीबाहेर बघायला लागते. हजेरीपटावर मात्र सगळ्यांचा संगणकाचा तास झालेला असतो.

प्रत्येक मुलाला संगणक देणं परवडणारं नव्हतं, पण माऊस परवडणारा होता. एरवी एका संगणकाला पाच माऊस जोडले तरी पडद्यावर बाण एकच फिरतो आणि पाच जण त्याला पाच दिशांना ओढतात. या मंडळींनी असं सॉफ्टवेअर लिहिलं की प्रत्येक माऊसला आपला वेगळा, वेगळ्या रंगाचा बाण मिळाला. आता मागच्या मुलीचाही बाण पडद्यावर होता, आणि तो तिच्याशिवाय कुणाला हलवता येत नव्हता.

हे झाल्यावर त्यांनी लगेच यश जाहीर केलं नाही, शिकणं होतंय का हे मोजलं. ग्रामीण भारतातल्या २३८ शाळकरी मुलांवर हा अभ्यास झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाचे दोन नियम ताडून पाहिले होते. पहिल्यात ज्याची टिचकी आधी पडेल त्याच्या उत्तरानं खेळ पुढं सरकायचा. दुसऱ्यात गटातल्या प्रत्येकानं बरोबर उत्तरावर टिचकी मारल्याशिवाय पुढचा प्रश्न यायचाच नाही. पहिल्या नियमात मुलगे शर्यतीला लागले आणि प्रश्न न वाचताच टिचक्या मारत सुटले. मुलींच्या गटांत तसं झालं नाही. दुसरा नियम लावल्यावर चित्र पालटलं. घाई करणाऱ्याला मागं राहिलेल्यासाठी थांबावं लागलं आणि थांबायचं तर त्याला समजावून सांगावं लागलं. नियमांची अशी नीट आखणी केली, तर एका संगणकावर पाच मुलं मिळून जेवढं शिकतात ते एकेका मुलाला एकेक संगणक दिल्यावर होणाऱ्या शिकण्याच्या तोडीचं असू शकतं, असा निष्कर्ष निघाला.

नियम बदलायला एकही जास्तीचा रुपया लागला नाही. मुलांच्या शेजारी बसून ती काय करतात हे बघणारा प्रोग्रामर लागला. 'कमी खर्चाचं सॉफ्टवेअर' म्हणताना मला हेच अभिप्रेत आहे. सॉफ्टवेअरची एक प्रत काढा नाहीतर एक लाख, प्रतीचा खर्च जवळपास नाहीच. खर्च असतो तो पहिली प्रत नीट बनवण्याचा, म्हणजे वर्गात घालवलेल्या महिन्यांचा. आपण नेमकी तिथंच काटकसर करतो.

टांझानियात ती काटकसर केली नाही. मुलांना कुणा मोठ्याच्या शिकवण्याशिवाय लिहिणं, वाचणं, हिशेब करणं शिकवेल अशा ॲपसाठी एक्सप्राइझ संस्थेनं २०१४ मध्ये दीड कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर केली. अंतिम फेरीत पाच गट होते, त्यांत बंगळूरचा 'चिंपल'ही होता. टांगा प्रांतातल्या दीडशेहून अधिक खेड्यांत त्यांची ॲप पंधरा महिने चालली. भाषा स्वाहिली, इंटरनेट नाही, टॅब्लेट भारित करायला गावात सौरकेंद्र. २०१९ मध्ये 'किटकिट स्कूल' आणि 'वनबिलियन' यांना पहिलं पारितोषिक विभागून मिळालं. 'किटकिट' बनवणाऱ्यांनी त्याआधी विशेष गरजा असलेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून गणिताचं ॲप केलं होतं. चुकणाऱ्या मुलाला न हिणवता पुन्हा त्याच पायरीवर आणायचं कसं, याचा सराव त्यांना होता. सुरुवातीला दहातल्या नवांहून अधिक मुलांना स्वाहिलीतला एक शब्दही वाचता येत नव्हता, अखेरीस ते प्रमाण निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्यांचं काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो शिक्षकाशिवाय सुटेल असं मला वाटत नाही. पण त्या स्पर्धेची एक अट मला फार महत्त्वाची वाटते. अंतिम फेरीतल्या पाचही ॲपचा मूळ कोड सर्वांसाठी खुला करायचा होता, आणि तो केला गेला. उद्या कुणालाही तो उचलून आपल्या भाषेत बसवता येतो.

मात्र भाषेत बसवणं म्हणजे पाट्या बदलणं नव्हे. आपल्या मराठीतलंच बघा. मुलाला 'सत्तावीस' ऐकू येतं, त्यात सात आधी आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी, सात नंतर. पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं म्हणूनच ७२ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस सात' अशी जोड दिली गेली आणि केवढा गहजब झाला. त्या वादात मला पडायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की इंग्रजीत किंवा स्वाहिलीत वीस आधी येतो, त्यामुळे त्या भाषांसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ही चूक अपेक्षितच नसते. ते ७२ ला फुली मारून पुढं जातं. मराठी मुलासाठी लिहिणाऱ्यानं ७२ हे उत्तर आधीच हेरून ठेवायला हवं. या मुलाला बेरीज येते, संख्या ऐकून लिहिण्यात त्याचा घोळ होतोय, हे ओळखून त्याला तेवढाच सराव द्यायला हवा. जोडाक्षरांचं तसंच. मेळघाटात घरी कोरकू आणि गडचिरोलीत घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिले काही महिने सूचना कुठल्या बोलीत ऐकू यावी, हा प्रश्नही सॉफ्टवेअर बनवतानाच सोडवावा लागतो. त्यासाठी लागतं काय? त्या भागातल्या शिक्षकाच्या किंवा अंगणवाडी ताईंच्या आवाजात साठवलेल्या काही शे ध्वनिफिती. हे काम महाग नाही.

महाराष्ट्रात असं काम करणारी माणसं नाहीत, असं कुणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले, आणि पुढं बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापले जाऊ लागले. अनेक जिल्हा परिषद शिक्षक आपापल्या वर्गासाठी रात्री जागून छोटी ॲप आणि चाचण्या बनवतात. क्यूआर कोड हा सोपा, स्वस्त आणि शाळेतूनच निघालेला उपाय होता, म्हणून तो टिकला. पण त्या कोडमागं जे उघडतं ते बरंचसं चित्रफितींच्या रूपात असतं. चित्रफीत मुलाला बोलून दाखवते, मुलाचं ऐकून घेत नाही. मूल कुठं अडलं हे तिला कळत नाही, आणि घरातला एकुलता एक मोबाइल वडलांबरोबर कामावर गेलेला असला तर ती उघडतही नाही.

म्हणून सरकारकडे मागणी करायची तर ती नेमकी करावी. शाळांसाठी यंत्रं घ्याल तेव्हा सॉफ्टवेअरची स्वतंत्र निविदा काढा, आणि तिच्या अटी शाळा बघून लिहा. ते इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे, आणि पाच-सात वर्षं जुन्या संगणकावरही. वीज मध्येच गेली तर मुलाचं काम जिथल्या तिथं जपलं गेलं पाहिजे. पहिलीतल्या मुलाला पासवर्ड मागू नका, त्याला आपलं चित्र निवडून आत जाता येऊ दे. एका यंत्राभोवती पाच मुलं बसणार हे गृहीत धरा, आणि पाचांपैकी कोण गप्प आहे ते बाईंना दिसेल अशी सोय त्यात ठेवा. मुलांची माहिती शाळेबाहेर जाणार नाही, हे करारात लिहून घ्या. पैसे संचांच्या संख्येवर देऊ नका. निवडक शाळांत वर्षभर वापर करून, सॉफ्टवेअर न मिळालेल्या शाळांशी तुलना करून फरक दिसला, तरच पुढचा हप्ता द्या. बडोद्यात ही तुलना वीस वर्षांपूर्वी झाली होती, म्हणजे ती अशक्य नाही.

आणि जनतेच्या पैशानं लिहिलेल्या त्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड खुला असू द्या. कंत्राट संपल्यावर कंपनी निघून जाईल. त्यानंतर नंदुरबारच्या शिक्षकाला त्यात भिलीतले शब्द घालायचे असतील किंवा बेळगावच्या मराठी शाळेला ते वापरायचं असेल, तर त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागता कामा नये.