साहित्याचे २०२५ : यजमानपण झाले, आता वाचकपण

सरत्या वर्षाचा साहित्यिक ताळेबंद मांडताना आपण बहुधा दोन याद्या करतो : पुरस्कार कुणाला मिळाले आणि कोण आपल्यातून गेले. २०२५च्या या दोन्ही याद्या समोर ठेवल्या, तेव्हा एक गोष्ट आम्हाला ठळकपणे जाणवली. या वर्षातल्या अनेक महत्त्वाच्या घटनांचा धागा महाराष्ट्राबाहेरच्या मराठीशी, म्हणजेच आपल्याशी जुळतो. म्हणून भोपाळमध्ये बसून हा आढावा घेताना एक प्रश्न विचारायलाच हवा : मराठी साहित्याचे आपण नेमके कोण लागतो?

दिल्लीचे संमेलन

वर्षातली सर्वांत मोठी घटना म्हणजे २१ ते २३ फेब्रुवारी या काळात दिल्लीत भरलेले ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. याआधी दिल्लीत संमेलन झाले होते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. त्यानंतर ७१ वर्षांनी राजधानीला हा मान मिळाला आणि अध्यक्षपदी होत्या लोकसाहित्याच्या ज्येष्ठ अभ्यासक डॉ. तारा भवाळकर.

डॉ. भवाळकर या संमेलनाच्या सहाव्या महिला अध्यक्ष. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. मग दुर्गा भागवत कराडला, शांता शेळके आळंदीला, विजया राजाध्यक्ष २००१ साली इंदूरला, अरुणा ढेरे यवतमाळला. म्हणजे सहापैकी तीन जणींची अध्यक्षीय भाषणे महाराष्ट्राबाहेर झाली आणि त्यांतली दोन आपल्या मध्य प्रदेशात. गंगाधर गाडगीळ १९८१ साली अध्यक्ष झाले ते रायपूरच्या संमेलनात. तेव्हा रायपूरही मध्य प्रदेशातच होते. पाहुणचारात बृहन्महाराष्ट्र कधी कमी पडलेला नाही, हे यावरून दिसते. प्रश्न आहे तो मांडव उतरल्यानंतरचा. ग्रंथदिंडीत आपण हौसेने चालतो. त्या पालखीतले पुस्तक नंतर किती घरांत उघडले जाते?

पुरस्कार

साहित्य अकादमीचा २०२४चा मराठी पुरस्कार समीक्षक डॉ. सुधीर रसाळ यांना ‘विंदांचे गद्यरूप’ या ग्रंथासाठी मिळाला. त्याची घोषणा आधीच्या डिसेंबरातली, प्रदान सोहळा यंदा मार्चमध्ये झाला. नव्वदी ओलांडलेल्या अभ्यासकाने विंदांसारख्या, सर्वांना कवी म्हणून ठाऊक असलेल्या लेखकाच्या गद्याकडे लक्ष वेधावे, ही आनंदाची गोष्ट आहे. युवा पुरस्कार प्रदीप कोकरे यांच्या ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ या कादंबरीला आणि बालसाहित्य पुरस्कार डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला जाहीर झाला. २०२५च्या मुख्य पुरस्कारांची १८ डिसेंबरची घोषणा मात्र ऐनवेळी थांबली.

मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिलाच कथासंग्रह. या पुरस्काराची निम्मी रक्कम अनुवादकाला मिळते, त्यामुळे दीपा भास्ती यांचे नावही मूळ लेखिकेच्या बरोबरीने घेतले गेले. आपल्या दृष्टीने ही बातमी मोलाची आहे. घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशा दोन्ही भाषांत वाढलेली माणसे भोपाळमध्ये घरोघरी आहेत. चांगला अनुवादक घडायला लागणारे भांडवल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे.

जे गेले

११ फेब्रुवारीला रा. रं. बोराडे गेले. त्यांच्या ‘पाचोळा’ने मराठवाड्याच्या बोलीला कादंबरीत हक्काची जागा दिली.

२० मे रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचे निधन झाले. त्यांच्या खगोलशास्त्राविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण आपल्यासाठी त्यांची दुसरी ओळख जास्त जवळची आहे. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर वाढले बनारसमध्ये. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. बनारसच्या मराठी घरातला हा मुलगा केंब्रिजला जाऊन आला आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने उतरला. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले होते. परीक्षकांनी नावाकडे न बघता कथेकडे बघावे, एवढाच हेतू. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या चार नगरांतले पहिले बनारस आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

१८ जूनला सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्याच्या नोकरीत जंगल पायाखाली घालताना त्यांनी पाखरांची, झाडांची आणि आदिवासींच्या बोलण्यातली शेकडो नावे मराठीत आणली. सातपुड्याच्या या बाजूला राहणाऱ्या आपल्याला त्यांचे मेळघाट परके वाटणार नाही.

आणि वर्षाच्या अगदी शेवटी, २३ डिसेंबरला, रायपूरमध्ये विनोदकुमार शुक्ल यांचे निधन झाले. मार्चमध्ये त्यांना ज्ञानपीठ जाहीर झाले होते. ते हिंदीचे लेखक. मग मराठी आढाव्यात त्यांचे नाव का? कारण त्यांच्या लेखनाच्या सुरुवातीला एक मराठी माणूस उभा आहे. राजनांदगावच्या कॉलेजात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध यांनी तरुण शुक्लांच्या कविता वाचल्या आणि त्यांना उत्तेजन दिले. पुढे शुक्लांना मध्य प्रदेश शासनाची जी फेलोशिप मिळाली तीही मुक्तिबोधांच्याच नावाची, आणि नव्वदच्या दशकात ते भोपाळच्या निराला सृजनपीठातही राहून गेले. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत लिहिले आणि त्यांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातून दोन भाषांना दोन मोठे लेखक मिळाले. १९६४ साली शेवटच्या आजारात थोरले मुक्तिबोध आपल्याच हमीदिया रुग्णालयात होते; तिथून त्यांना दिल्लीला हलवले गेले. भोपाळच्या मराठी माणसाला ही आठवण असायला हवी.

दोन भाषांचे घर

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे यंदाचा भाषावाद. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याच्या निर्णयावरून मोठे वादळ उठले आणि अखेर २९ जूनला सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले. लहान मुलांवर भाषांचे ओझे किती असावे, हा तिथल्या पालकांचा रास्त प्रश्न होता. आपला अनुभव थोडा वेगळा आहे. आपल्याकडे हिंदीने मराठीला घराबाहेर काढलेले नाही. जिथे मराठी मागे पडली, तिथे ती आपल्या हातून वाचनाच्या आळसाने पडली आहे. बोलणे टिकले, वाचणे सुटले.

खरे तर आपल्या मुलांना वाचन सोपे आहे. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी त्यांना चांगली येते. ‘भोपाल’ लिहिणाऱ्या मुलाला ‘भोपाळ’ लिहायला फक्त एक ‘ळ’ शिकायचा आहे. पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी शाळांत जाणाऱ्या कित्येक मुलांपेक्षा ही मुले मराठी पुस्तकाच्या जास्त जवळ उभी आहेत. फक्त कुणीतरी पुस्तक त्यांच्या हातात द्यायला हवे.

३ ऑक्टोबरला मराठीच्या अभिजात दर्जाला एक वर्ष झाले. त्यातून अध्यासने, संशोधन, अनुदाने येतील तेव्हा येतील. त्यातले काही आपल्या दिवाणखान्यात आपोआप पोहोचणार नाही.

म्हणून आमचे सुचवणे साधे आहे. संक्रांतीचा सण घ्या. हळदीकुंकवाला प्लास्टिकचा डबा किंवा स्टीलची वाटी लुटण्याऐवजी यंदा वाण म्हणून पुस्तक द्यावे. लहान मुले असलेल्या घरी ‘आभाळमाया’ किंवा नारळीकरांच्या विज्ञानकथा, मोठ्यांसाठी चितमपल्ली, बोराडे. सर्वांना एकच पुस्तक देण्यापेक्षा वेगवेगळी दिली, तर ती वर्षभर आपसांत फिरतील. ज्यांना दोन्ही भाषा सारख्याच येतात त्यांनी विनोदकुमार शुक्लांची एखादी लहानशी कविता मराठीत आणून पाहावी. आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी भाषणे थोडी आवरती घेऊन, कुणी काय वाचले ते ज्याने त्याने पाच मिनिटांत सांगावे.

१ जानेवारी २०२६पासून साताऱ्यात विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली ९९वे संमेलन भरले. त्यानंतर शंभरावे. त्याचा मांडव कुठेही पडो, तिथे जाताना आपल्या पिशवीत वाचून झालेले एक तरी पुस्तक असू द्या.