अर्धविरामाला 'पण'ची सक्ती कशासाठी?



व्याकरणाच्या घटकात विरामचिन्हांचा तक्ता येतो आणि तुमच्यापैकी बहुतेक जण तो पाठ करून पुढे जातात. त्या तक्त्यात अर्धविरामासमोर जी व्याख्या असते, ती शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत थोड्याफार फरकाने सारखीच आढळते : दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील तेव्हा अर्धविराम द्यावा. उदाहरणात हमखास एक 'पण' असतो. ही व्याख्या अपुरी आहे आणि तिच्या अपुरेपणाची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागते, असे माझे मत आहे.

निमित्त एका गृहपाठाचे. नंदनवनात रविवारच्या संपर्क सत्रानंतर एक विद्यार्थिनी तपासून आलेली वही घेऊन माझ्याकडे आली. वय चाळिशीच्या पुढे. दिवसभर शिवणकाम, रात्री अभ्यास. आत्मपर निबंधात तिने लिहिले होते, 'वडील गेले; शाळा सुटली.' तपासनिसांनी अर्धविरामाभोवती लाल वर्तुळ काढून 'अव्यय नाही' असा शेरा मारला होता, वर 'म्हणून' हा शब्द घातला होता आणि अर्धा गुण कापला होता. ती गुणासाठी आली नव्हती. "सर, 'म्हणून' लिहिलं का दोष बाबांवर जाते," एवढेच ती म्हणाली. पुढच्या गृहपाठात मात्र तिने एकही अर्धविराम वापरला नाही. सगळी वाक्ये पूर्णविरामाने तोडलेली. निबंध वाचताना दर दोन पावलांवर ठेच लागावी तसा.

तिचे वाक्य चार प्रकारे लिहून पाहा. 'वडील गेले. शाळा सुटली.' येथे दोन घटना आहेत आणि त्यांचे नाते वाचकाने शोधायचे आहे. 'वडील गेले, शाळा सुटली' असे लिहिले की बोलण्याच्या ओघात सांगितलेली यादी वाटते. तिच्यापुढे आणखी काही येईल, अशी अपेक्षा राहते. 'वडील गेले म्हणून शाळा सुटली' यात कारण ठामपणे सांगितले जाते. अर्धविराम यांपैकी काहीच करत नाही. दोन घटना एकमेकींशी बांधलेल्या आहेत एवढे तो दाखवतो. ती गाठ कशाची, हे सांगण्याची सक्ती लेखकावर करत नाही. त्या विद्यार्थिनीला नेमके हेच हवे होते. अव्यय नसताना हे चिन्ह सर्वाधिक उपयोगी पडते आणि आपली व्याख्या त्याला तेथेच मज्जाव करते.

हे कसे झाले असावे? मराठीला ही चिन्हे उशिरा मिळाली. मोडी लिपीत चिन्हे सोडाच, शब्दही सुटे करत नसत. पोथ्यांमध्ये दंड असे, तोही प्रामुख्याने पद्याच्या चरणाअखेर. आपल्या जगनाडे चौकाला ज्यांचे नाव आहे, त्या संताजी महाराजांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले असे परंपरा सांगते. त्यांना स्वल्पविरामाची गरज पडली नाही. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' तर गद्य. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची प्रत १९७८ मध्ये छापून आली. अशा छापील प्रतींत दिसणारी आजची विरामचिन्हे संपादकांची असतात, मूळ हस्तलिखितांची नव्हेत. तरीही ते गद्य कळत होते, कारण मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. वाक्य संपल्याची खूण भाषेतच असते.

इंग्रजी चिन्हांची व्यवस्था मराठीत रुजवण्याचे मोठे श्रेय मेजर थॉमस कँडी यांचे. मोल्सवर्थच्या कोशकार्यात सहभागी असलेल्या या गृहस्थांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' प्रसिद्ध केली. त्या काळच्या इंग्रजी गद्यात 'बट' किंवा 'अँड' यांच्या आधी अर्धविराम देण्याची चाल होती. आपल्या व्याख्येतला 'पण' तिथून आला असावा, असा माझा तर्क आहे. इंग्रजीने ती चाल पुढे बरीचशी सोडली. आपण तिचा नियम केला. पुढे साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांचा विचार केला. विरामचिन्हे त्या अठरा नियमांच्या बाहेरच राहिली. त्यामुळे जुनी व्याख्या कोणी तपासलीच नाही.

आजच्या इंग्रजीतली रीत जवळजवळ उलटी आहे. दोन स्वतंत्र वाक्ये 'बट'ने जोडली तर साधारणतः स्वल्पविराम पुरतो. जोडणारा शब्द नसेल तर अर्धविराम लागतो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' हे तेथे उभयान्वयी अव्यय मानले जात नाहीत, म्हणून नवे वाक्य त्यांनी सुरू होत असेल तर त्यांच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविरामच हवा. तुमच्यापैकी ज्यांना इंग्रजीचा पेपर आहे, त्यांची येथे नेहमी चूक होते. कारण उघड आहे : मराठीत 'पाऊस आला, आम्ही थांबलो' हे खपते, तीच सवय इंग्रजीत गेली की दोष ठरते. मराठीचे क्रियापद वाक्याला कुंपण घालते, इंग्रजीचे घालत नाही.

अपूर्णविरामाची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक रंजक आहे. 'मी बाजारातून डाळ, तेल, गूळ आणि दोन वह्या आणल्या' या वाक्यात सगळा तपशील क्रियापदाच्या आधी कोंबावा लागतो. तपशील वाढला की कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते. अपूर्णविराम हा अडथळा दूर करतो. 'बाजारातून चार गोष्टी आणल्या : डाळ, तेल, गूळ आणि दोन वह्या.' क्रियापद आधी उरकले, तपशील मागून मोकळेपणाने आला. मराठीच्या वाक्यरचनेत जी सोय सहज नव्हती, ती या दोन टिंबांनी दिली. मात्र 'की' लिहिल्यावर अपूर्णविराम देऊ नका. ते काम 'की'ने केलेलेच असते.

तपशिलात पोटतपशील आला की अर्धविराम पुन्हा मदतीला येतो. 'नागपूर जिल्ह्यातील रामटेक, काटोल. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट, आर्वी. भंडारा जिल्ह्यातील तुमसर, पवनी' ही यादी नुसत्या स्वल्पविरामांनी लिहून पाहा. काटोल कुठे संपले आणि वर्धा कुठे सुरू झाले, ते परक्या माणसाला कळणार नाही. येथेही अव्यय नाही, हे ध्यानात घ्या.

जाता जाता विसर्गाविषयी. 'दुःख', 'स्वतः' लिहिताना संगणकावर अनेक जण अपूर्णविरामाची कळ दाबतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न चिन्हे आहेत आणि मग शोधलेला शब्द सापडत नाही. हाच घोटाळा टाळण्यासाठी चांगले मुद्रक अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडतात. तुम्हीही सोडा. अपूर्णविरामापुढे आडवी रेघ जोडण्याची जुनी सवय मात्र मला अनावश्यक वाटते.

यावर तुम्ही विचाराल की परीक्षेत काय लिहायचे. 'अर्धविराम केव्हा वापरतात?' असा एका गुणाचा प्रश्न आला तर पुस्तकातली व्याख्या लिहा आणि गुण घ्या. माझा आक्षेप त्या प्रश्नावर आहे, तुमच्या उत्तरावर नाही. असा प्रश्न काढून टाकून विद्यार्थ्याला विरामचिन्हांविना एक परिच्छेद द्यावा, चिन्हे घालायला सांगावे आणि प्रत्येक चिन्हाचे कारण एका ओळीत विचारावे, असे मी अभ्यासमंडळांच्या बैठकांत म्हणत आलो आहे. तपासायला वेळ लागतो, हे त्यावरचे उत्तर मला ठाऊक आहे.

निबंधात आणि पत्रात मात्र 'म्हणून' किंवा 'पण' घालण्यापूर्वी तो शब्द तुम्हाला खरोखर म्हणायचा आहे का, ते पाहा. म्हणायचा नसेल तर अर्धविराम देऊन थांबा. लाल वर्तुळ आलेच तर वही घेऊन तुमच्या समंत्रकांकडे जा आणि आपले वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्या विद्यार्थिनीने तसेच केले. अर्धा गुण परत मिळाला नाही. शेवटच्या गृहपाठात मी चार अर्धविराम मोजले, आणि त्यांतल्या एकाही पुढे 'पण' नव्हता.