संगणक बंद, की नुसता सेल संपला?

ग्रामपंचायतीचा जुना संगणक सुरू होईना, की 'मशीन गेलं' म्हणायचं आणि शेतकऱ्याला हेलपाटा! विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे भंगारात काढायला आयतंच निमित्त. पण तो प्रश्न सुरक्षेचा; यंत्र सुरू न होण्याशी त्याचा संबंध नाही.

दर वेळी जुनीच तारीख दिसते? मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळंही अडतात. बीप वाजून पडदा काळाच राहिला, तर वीज तोडून रॅमची पट्टी साफ करून घट्ट बसवावी. धूळ आपल्या कार्यालयांत काय कमी आहे? पंखाही फिरत नसेल तर बहुधा पॉवर सप्लाय गेला.

तरीही यंत्र मोडीत काढायचंच ठरलं, तर हार्ड डिस्क आधी काढून ठेवा. गावाच्या नोंदी तिच्यातच असतात.