एका शिराची दोन चित्रे

यादवी पेटली की चित्रकाराच्या कुंचल्याला तलवारीइतकेच मोल येते. म्हणून अशा काळातील सेनानायकाच्या तसबिरीपुढे मान लववण्यापूर्वी ती कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या गरजेपोटी निघाली, याची चौकशी करणे हे सुज्ञ नागरिकाचे कर्तव्य ठरते. रशियातील यादवीत, १९१८ साली, बोल्शेविकांच्या बाजूच्या देनी या चित्रकाराने लाल सैन्याचा नायक ट्रॉट्स्की याला प्रतिक्रांतीच्या भुजंगाचा वध करणारा अश्वारूढ संत म्हणून रंगवले, आणि विरुद्ध पक्षाच्या भित्तिपत्रकाने त्याच ट्रॉट्स्कीला क्रेमलिनच्या तटावर बसलेला रक्तवर्णी राक्षस केले. माणूस एकच होता. चित्र काढवून घेणारे हात तेवढे निराळे होते.

या गोष्टीचा दाखला शोधण्यासाठी जुन्नरकरांना रशियापर्यंत जाण्याचे कारण नाही. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीचा उरलासुरला मुलूख मलिक अंबर आणि मियाँ राजू या दोन सरदारांनी आपापसांत वाटून घेतला. दोघेही नाव एकाच मुर्तजा निजामशहाचे घेत आणि हत्यार मात्र एकमेकांवर उपसत. १६०७ च्या सुमारास राजूचा पाडाव करून अंबराने जुन्नरला निजामशाहीची राजधानी केली, आणि हबसाणात, म्हणजे इथियोपियात, जन्मून गुलामांच्या बाजारात विकला गेलेला हा पुरुष सह्याद्रीच्या पायथ्याशी राज्याचा कारभारी झाला.

त्याची जी चित्रे शिल्लक आहेत, त्यांपैकी दोन एकाच मोगल दरबारच्या चित्रकारांनी काढलेली आहेत. हाशिमच्या चित्रात पांढऱ्या जाम्यातील, कमरेला शस्त्र लावलेला, शांत मुद्रेचा प्रौढ सेनापती उभा आहे. अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढलेल्या चित्रात मात्र भाल्याच्या टोकावर अंबराचे तोडलेले शिर आहे, त्या शिरावर घुबड बसले आहे, आणि मत्स्याच्या पाठीवरील बैलाने तोललेल्या पृथ्वीगोलावर उभा राहून जहांगीर त्या शिरावर बाण सोडीत आहे. वास्तविक ते शिर कधी तुटलेच नाही. बादशाही फौजांना वर्षानुवर्षे दमवून, १६२४ साली भातवडीच्या रणात त्यांना आणि विजापूरकरांना एकत्र धूळ चारून, अंबर १६२६ साली वृद्धापकाळाने वारला. रणांगणावर जे साधले नाही, ते बादशहाने कागदावर साधून घेतले. त्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने मात्र अंबराच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकला, सरदारी आणि राज्यकारभार यांत त्याला तोड नव्हती, असा निर्वाळा मोकळ्या मनाने दिला. शत्रूच्या लेखणीने दिलेली ही साक्ष कोणत्याही तसबिरीहून अधिक भरवशाची आहे.

अंबराचे खरे कर्तृत्व चित्रात मावणारेही नाही. जमिनीची पाहणी आणि प्रतवारी करून त्याने सारा आकारला, गावगाड्याचे हक्क सांभाळले आणि खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवून तिथे नहरीचे पाणी खेळवले. त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांनी शिवनेरीवर ज्यांचा जन्म झाला, त्या शिवछत्रपतींचा मोठेपणाही घोडा आणि तलवार यांपुरता कोठे होता? रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशी सक्त ताकीद आपल्या अधिकाऱ्यांना देणारा राजा जगाच्या इतिहासात विरळा.

आणि आज नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या चौकांत लागणाऱ्या फलकांवर आपण काय पाहतो? उगारलेले खड्ग, उधळलेला अश्व, आणि त्या थोर छायेत आपली छबी बसवून घेणारे चालू राजकारणातील पुढारी. एकाच गावातले दोन तट एकाच महापुरुषाला आपापल्या बाजूने उभे करतात, तेव्हा त्या महापुरुषाचा गौरव होत नाही, तट तेवढे रुंदावतात. मंचर, घोडेगाव ज्या आंबेगाव तालुक्यात येतात, त्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूने १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे देह टाकला, तेव्हा त्याच्या हाती कोणतेही शस्त्र नव्हते. शौर्याची ही व्याख्याही या मातीतलीच आहे.

म्हणून माझी विनंती स्पष्ट आहे. जुन्नरच्या नगरपरिषदेने शिवनेरीच्या पायथ्याशी मलिक अंबराची ती दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावावीत, कोणते कोणासाठी निघाले ते खाली लिहावे, आणि त्यांच्या जोडीला अंबराची सारापद्धती व महाराजांचे ते आज्ञापत्र शाळकरी मुलांना वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत मांडावे. तसबीर पाहताना ती काढवणाऱ्याचा हेतू विचारण्याची सवय ज्या पिढीला लागेल, ती पिढी कोणाच्याही फलकाखाली आपसांत लढायला सहजासहजी उभी राहणार नाही.