लिवेलिनने जोनला क्षमा का केली?

१/ मध्ययुगीन वेल्सवरची कादंबरी वाचणाऱ्याला हटकून विचारले जाते, ‘यातले खरे किती?’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. विचारावे ते असे: इतिहास कोठे मौन धरतो, आणि ती जागा लेखकाने आपल्याला दाखवली आहे का?

२/ शॅरन के पेनमन यांची ‘हिअर बी ड्रॅगन्स’ (१९८५) पाहा. नायक उत्तर वेल्समधील ग्विनेदचा अधिपती लिवेलिन अब योर्वर्थ. नायिका त्याची पत्नी जोन, इंग्लंडच्या राजा जॉनची अनौरस कन्या. विवाह १२०५ च्या सुमाराचा, उघडउघड राजकीय. १२११ मध्ये जॉनने ग्विनेदवर स्वारी केली, तेव्हा तहाच्या बोलणीसाठी लिवेलिनने जोनलाच तिच्या पित्याकडे धाडले.

३/ मग आले १२३०. वेल्श राजपुत्रांची बखर मोजक्या शब्दांत सांगते: विल्यम डी ब्राओस हा सरदार लिवेलिनच्या दालनात जोनसोबत सापडला आणि त्याला फाशी देण्यात आली. जोनला बंदिवास घडला. परंतु सुमारे वर्षभराने ती पुन्हा पतीशेजारी सन्मानाने वावरू लागली. इतकेच नव्हे, तर फाशी गेलेल्या विल्यमची कन्या इझाबेला हिचा लिवेलिन-जोनच्या पुत्राशी, डेव्हिडशी, ठरलेला विवाहही पार पडला. १२३७ मध्ये जोन निवर्तली, तेव्हा लिवेलिनने तिच्या स्मरणार्थ अँगलसी बेटावर लानवाइस येथे फ्रान्सिस्कन मठ स्थापला.

४/ त्याने क्षमा का केली? बखर गप्प आहे. पेनमन यांचे उत्तर आहे प्रेम. राजकारणाकडे पाहणारा म्हणेल, वारस डेव्हिडची प्रतिष्ठा आईच्या प्रतिष्ठेत गुंतली होती. १२२६ मध्ये पोपकडून जोनला औरस ठरवून घेण्यात आले होते, ते उगाच नव्हे. दोन्ही उत्तरे संभवतात. सिद्ध एकही होत नाही.

५/ सांधा पुसला गेला की काय होते, तेही वेल्समध्येच दिसते. बेडगेलर्ट गावात लिवेलिनच्या इमानी कुत्र्याची ‘समाधी’ आहे. बाळाला मारले असे समजून त्याने कुत्रा ठार केला. नंतर कळले की त्याने लांडग्यापासून बाळाला वाचवले होते. ओळखीची वाटली ना? पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांचीच ही कथा! ती समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस, प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी, एका स्थानिक खानावळवाल्याने रचल्याचे मानले जाते. आज लोक तिथे हळहळतात, ते मात्र तेराव्या शतकासाठी.

६/ म्हणून कादंबऱ्या टाळाव्यात का? मुळीच नाही. बखरीतली ती ओळ आपण सहज ओलांडून गेलो असतो. कादंबरीने तिथे थांबवले. पेनमन तर पुस्तकाअखेरीस टिपण जोडून आपण काय कल्पिले, काय बदलले, हे स्वतःच सांगतात. आपल्याकडे कादंबरीतले संवाद ऐतिहासिक वादात पुरावा म्हणून फेकले जातात, तेव्हा असे टिपण किती मोलाचे असते ते कळते.

७/ तेव्हा कादंबरी मनसोक्त वाचा. मिटण्यापूर्वी ते शेवटचे टिपण शोधा. ते नसेल, तर बखर उघडा आणि सांधा स्वतः शोधा. कादंबरीने दिलेला प्रश्न जपून ठेवावा. तिचे उत्तर मात्र पुरावा म्हणून पुढे करू नये.